रुग्णालयातील पहिली लस कोणाला?

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरून दांड फाट्याला आत वळले की पाताळगंगेच्या खोऱ्यात रसायनीची औद्योगिक वसाहत लागते. या वसाहतीची बाजारपेठ म्हणजे मोहोपाडा. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना या भागात आला, त्यामागून इतर उद्योग आले आणि देशाच्या अनेक प्रांतांतून कामगार येथे येऊन स्थायिक झाले. २०१७ साली केंद्र सरकारने एचओसीचा येथील तोट्यातील प्रकल्प बंद करण्याचा निर्णय घेतला, तरी औद्योगिक वसाहत टिकून राहिली. अशा गावातील छोटी रुग्णालये हा समाजाचा मोठा आधार असतो. यंत्रात हात सापडलेला कामगार, अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेला कातकरी शेतमजूर, सारे प्रथम तेथेच येतात.

या रुग्णालयांत डॉक्टर असतात, परिचारिका असतात. आणि रक्ताने माखलेले कापसाचे बोळे उचलणारी, सुया व सलाईनच्या नळ्या वेगळ्या करणारी, शस्त्रक्रियेनंतर जमीन पुसणारी मावशीही असते. आपण सर्व तिला मावशी म्हणतो. तिचे नाव कित्येकदा डॉक्टरांनाही ठाऊक नसते. ती बहुधा ठेकेदाराकडून आलेली असते आणि सहा महिन्यांनी तिच्या जागी दुसरी आलेली असते. प्रस्तुत लेखाचा प्रश्न या मावशीविषयी आहे. एखादी लस बाजारात येते, तेव्हा ती रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना द्यायची की नाही, हे कोण ठरवते? कशाच्या आधारावर ठरवते? आणि ठरवताना या मावशीचा विचार कितव्या क्रमांकावर होतो?

हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा आहे, असे समजून सामान्य नागरिकाने बाजूला होण्याचे कारण नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात कोरोना प्रतिबंधक लसीकरण सुरू झाले, तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये पहिली लस एका सफाई कर्मचाऱ्याला देण्यात आली. तो क्षण साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिला. अंत्योदयाचा विचार मानणाऱ्या प्रत्येकाला त्या दिवशी समाधान वाटले असेल. रांगेतील शेवटचा माणूस प्रथम, हे दीनदयाळजींचे सूत्र राष्ट्रीय कार्यक्रमाच्या आरंभीच आचरणात आलेले दिसले. परंतु तो दिवस असाधारण होता. संकट साऱ्या जगावर होते, कॅमेरे लागलेले होते, लस सरकार देत होते. प्रश्न साधारण दिवसांचा आहे. कॅमेरा नसताना, साथ नसताना, लसीचे पैसे रुग्णालयाच्या गल्ल्यातून जात असताना तो क्रम टिकतो का?

या बाबतीत कायदा स्पष्ट आहे, हे अनेकांना माहीत नसते. केंद्र सरकारने २८ मार्च २०१६ रोजी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम अधिसूचित केले. त्यानुसार आपल्याकडील आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कचरा हाताळणाऱ्या इतर सर्वांना हेपॅटायटिस बी व धनुर्वात यांसह अशा कचऱ्यातून पसरू शकणाऱ्या रोगांविरुद्ध लस देणे, हे रुग्णालय चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे. कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा त्यांची आरोग्य तपासणी करणेही बंधनकारक आहे. हा नियम केवळ मुंबईच्या पंचतारांकित रुग्णालयांना नाही. तो मोहोपाड्याच्या पाच खाटांच्या प्रसूतिगृहालाही आहे, दंतवैद्यालाही आहे आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेलाही आहे.

खालापूर तालुक्याला या विषयात आणखी एका कारणाने लक्ष घालावे लागेल. मुंबईतील रुग्णालयांचा कचरा जाळणारा गोवंडीचा प्रकल्प तेथील रहिवाशांच्या तक्रारींमुळे खालापूर तालुक्यात हलविण्याचे ठरले आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्थलांतरासाठी दोन वर्षांची मुदत दिली. प्रदूषणाच्या अंगाने त्यावर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. परंतु असा कचरा ज्यांच्या हातांतून जातो, ती माणसे बहुधा आसपासच्या गावांतील व वाड्यांतील असतात. त्यांच्या दंडात लस टोचली गेली आहे काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

हेपॅटायटिस बी म्हणजे यकृताला जडणारी विषाणूजन्य कावीळ. हा विषाणू चिवट आहे. वाळलेल्या रक्तातही तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. बाधित रुग्णाला टोचलेली सुई लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला लागली, तर शंभरातील सहा ते तीस प्रसंगी रोगाची लागण होऊ शकते. एड्सच्या विषाणूच्या बाबतीत हेच प्रमाण हजारात तीन एवढे आहे. समाजात भीती एड्सची मोठी आहे, प्रत्यक्ष धोका मात्र काविळीचा कितीतरी अधिक आहे. आणि त्या काविळीवर खात्रीची लस उपलब्ध आहे. अनेकांत हा रोग वर्षानुवर्षे लपून राहतो आणि पुढे यकृत निकामी होते किंवा यकृताचा कर्करोग होतो. तोपर्यंत ती मावशी कधीच दुसऱ्या कामाला लागलेली असते. तिच्या आजाराचा संबंध पंधरा वर्षांपूर्वी टोचलेल्या एका सुईशी जोडायला कोणी जात नाही. म्हणून अशा हानीची नोंद कोणत्याही रुग्णालयाच्या वहीत सापडत नाही आणि जी हानी वहीत नाही, ती झालीच नाही असे समजले जाते.

एकेकाळी या लसीच्या बाबतीत खर्चाची सबब खरी होती. लस परदेशातून येई आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 'शॅनव्हॅक-बी' ही संपूर्ण भारतीय प्रयत्नांतून सिद्ध झालेली लस बाजारात आणली आणि चित्र पालटले. तंत्रज्ञान विकत देण्यास परदेशी कंपन्या तयार नव्हत्या, म्हणून वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने येथील शास्त्रज्ञांना हाताशी धरून ती लस येथेच विकसित केली. किमती कोसळल्या, पुढे इतर भारतीय कंपन्यांही या क्षेत्रात उतरल्या आणि ही लस राष्ट्रीय बाल लसीकरणात येण्याचा मार्ग सुकर झाला. २०११ पासून ती देशभरातील सर्व बालकांसाठी आहे. स्वदेशी हा शब्द उच्चारताना अंगावर रोमांच उभे राहावेत, अशी ही कथा आहे. परंतु तिचा दुसरा अर्थही ध्यानात घेतला पाहिजे. आज रुग्णालयांत काम करणारे बहुतेक कर्मचारी २०११ पूर्वी जन्मलेले आहेत. म्हणजे बालपणी सरकारी कार्यक्रमातून त्यांतील फार थोड्यांना ही लस मिळाली असेल. त्यांना ती आता, कामाच्या ठिकाणीच मिळाली पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमातही आरोग्य कर्मचाऱ्यांच्या लसीकरणाचा समावेश आहे. लस स्वदेशी आहे, स्वस्त आहे, कायदाही आहे. मग उरते ती केवळ व्यवस्थापनाची इच्छा.

हे झाले जुन्या, सिद्ध झालेल्या लसीविषयी. लस नवी असते, तेव्हा निर्णय अधिक अवघड होतो. महाराष्ट्राला या पेचाचा अनुभव सव्वाशे वर्षांचा आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. वॉल्देमार हाफकिन हे ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत दिवसरात्र काम करू लागले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी आपली नवी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना करूनच तिचा उपयोग सांगितला गेला. त्याच सुमारास पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करीत होते. रुग्णसेवा करतानाच सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने झाले होते. त्या काळात लस तत्काळ पुण्यात पोहोचणे शक्य नव्हते, हे मान्य. परंतु रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या सेविकेला संरक्षण सर्वांत आधी हवे, हे सांगणारे याहून थोर उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही.

याच लसीच्या इतिहासात दुसरा धडाही आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एका दूषित बाटलीतील लस टोचल्याने एकोणीस जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. खापर हाफकिन यांच्यावर फुटले, त्यांना पदावरून दूर करण्यात आले. प्रयोगशाळेचा दोष नव्हता, हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले. पुढे १९२५ साली परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. दुष्परिणाम घडला की तो दडपायचा अथवा बळीचा बकरा शोधायचा, या दोन्ही मार्गांनी लोकांचा विश्वास उडतो. नोंद, तपास आणि सत्याची जाहीर कबुली, हाच मार्ग टिकतो.

आता पुन्हा २०२१ कडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने आयसीएमआरच्या सहकार्याने कोव्हॅक्सिन विकसित केली. ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी तिला मर्यादित आपत्कालीन वापराची परवानगी दिली. त्या वेळी २५,८०० स्वयंसेवकांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी चालू होती, तिचे निष्कर्ष हाती आले नव्हते. म्हणून ही लस 'चाचणीच्या पद्धतीने', वेगळे संमतिपत्र भरून घेऊन द्यावी असे ठरले. महाराष्ट्रातील २८५ केंद्रांपैकी सहा केंद्रांवर कोव्हॅक्सिन आणि उर्वरित ठिकाणी कोविशिल्ड, अशी विभागणी झाली. मुंबईत कोव्हॅक्सिन जे. जे. रुग्णालयाच्या वाट्याला आली. पहिल्या दिवशी तेथे शंभर कर्मचारी अपेक्षित असताना निम्मेही आले नाहीत. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातील निवासी डॉक्टरांनी तर आम्हाला कोविशिल्ड द्या, असे लेखी कळविले.

यावर दोन्ही बाजूंनी जे झाले ते शोभादायक नव्हते. अखिलेश यादव यांनी ही भाजपची लस असल्याचे सांगून ती घेण्यास नकार दिला. शास्त्रज्ञांच्या परिश्रमांना पक्षाचे लेबल लावण्याचा हा प्रकार निषेधार्हच होता. आपल्या देशात काही चांगले घडूच शकत नाही, या न्यूनगंडाचे दर्शनही त्या दिवसांत पुष्कळ घडले. परंतु शंका विचारणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला देशद्रोही ठरविणारेही निघाले आणि त्यांत आपल्या विचारांचे मित्रही होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. जे. जे.मधील परिचारिका वा लोहियातील निवासी डॉक्टर विचारीत होते ते एवढेच की, चाचणीचा निष्कर्ष कुठे आहे? हा प्रश्न विज्ञानाचा होता. १ मार्च रोजी पंतप्रधानांनी स्वतः एम्समध्ये कोव्हॅक्सिन घेतली. ३ मार्च रोजी अंतरिम निष्कर्ष जाहीर झाले, त्यानंतर आठवडाभरात 'चाचणीची पद्धत' हे बिरुद निघाले. नोव्हेंबरमध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात ७७.८ टक्के परिणामकारकता प्रसिद्ध झाली आणि त्याच महिन्याच्या ३ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली. स्वदेशी लस परीक्षेला बसली आणि उत्तीर्ण झाली. तिला मान मिळाला तो या परीक्षेमुळे. निष्कर्षांच्या आधी दोन महिने आपण ज्या त्वेषाने वाद घातला, त्याने लसीचे काहीच भले झाले नाही. उलट रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांना आपली शंका मनातच ठेवून घरी थांबणे अधिक सोयीचे वाटले.

परदेशी मूळ असलेली लस निर्दोष आणि आपली तेवढी संशयास्पद, हा समजही टिकला नाही. कोविशिल्ड ज्या लसीवर आधारित होती, तिच्यामुळे अत्यंत विरळ प्रसंगी रक्तात गुठळ्या होतात, हे २०२१ सालीच युरोपात नोंदींमधून उघड झाले. कसोटी दोहोंना सारखीच हवी. स्वदेशीचा आग्रह म्हणजे स्वदेशी वस्तूला परीक्षेतून सूट, असा अर्थ कोणी लावीत असेल तर तो स्वदेशीचा अपमान आहे.

मग रुग्णालयाने निर्णय घ्यावा कसा? आज अनेक छोट्या रुग्णालयांत तो औषध कंपनीचा प्रतिनिधी येऊन गेल्यावर किंवा वर्तमानपत्रात साथीची बातमी आल्यावर घेतला जातो, अथवा घेतलाच जात नाही. मोठ्या रुग्णालयांत संसर्ग नियंत्रण समिती असते. छोट्या ठिकाणी मालक डॉक्टर, एक ज्येष्ठ परिचारिका आणि सफाई कर्मचाऱ्यांतील एक जण, एवढे तिघे जण महिन्यातून एकदा बसले तरी पुरे. त्यांनी स्वतःला विचारावे की, हा रोग आपल्या येथे कोणत्या कामातून, कोणाला होऊ शकतो? लसीच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आहेत काय, आणि ते आपल्यासारख्या लोकांना लागू पडतात काय? संरक्षण किती काळ टिकते? दुष्परिणाम झाल्यास कोण पाहील आणि नोंद कोणाकडे जाईल? खर्च कोण करील? या अखेरच्या प्रश्नाचे उत्तर ठरलेले असावे. कामामुळे उद्भवणाऱ्या धोक्याविरुद्धची लस कर्मचाऱ्याच्या पगारातून कापून देणे हा अन्याय आहे. कर्मचारी ठेकेदाराचा असला तरीही.

प्रत्येक लसीचे उत्तर एकच येणार नाही. प्रसूतिगृहातील परिचारिकेला रुबेलाचा विचार करावा लागेल, स्वयंपाकघरातील आचाऱ्याला विषमज्वराचा. इन्फ्ल्युएन्झाचा विषाणू रूप बदलतो, म्हणून त्या लसीचा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात साथ उसळत असल्याने लस पाऊस लागण्यापूर्वी द्यावी लागते. हेपॅटायटिस बीच्या तीन मात्रा शून्य, एक आणि सहा महिन्यांनी घ्यायच्या असतात. दर सहा महिन्यांनी ठेकेदार माणसे बदलत असेल, तर तिसरी मात्रा कोणालाच मिळत नाही आणि कागदावर मात्र लसीकरण पूर्ण दिसते. शिवाय काही प्रौढांत तीन मात्रांनंतरही पुरेशी प्रतिकारशक्ती निर्माण होत नाही; म्हणून शेवटच्या मात्रेनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्ततपासणी आवश्यक ठरते. ती झाली नाही, तर आपण सुरक्षित आहोत या भ्रमात माणूस सुई हाताळत राहतो.

सक्ती करावी काय? २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही, असे स्पष्ट केले. सार्वजनिक हितासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारही मान्य केला. आपल्या परंपरेला हे मानवणारेच आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने झालेल्या जुलमाविरुद्ध लोकमान्य टिळकांनी लेखणी चालविली, आणि त्याच टिळकांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सक्तीला विरोध आणि सेवेचा आग्रह, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात. लस नाकारणाऱ्या मावशीला कामावरून काढून टाकणे सोपे आहे. तिच्या भाषेत, तिच्या शेजारी बसून, तिची भीती ऐकून घेणे अवघड आहे. पहिल्याने रोजगार जातो, दुसऱ्याने लस घेतली जाते.

एवढ्या छोट्या गावात हे कसे जमावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर याच रायगड जिल्ह्यात आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि त्यांचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. साधने तुटपुंजी होती, पण नोंदवही नीट होती. मोहोपाडा-रसायनी परिसरातील डॉक्टरांनी एकत्र येऊन एक सामायिक नोंदवही ठेवली, कर्मचारी एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला तरी त्याचे लसीकरण पत्र त्याच्यासोबत जाईल अशी व्यवस्था केली आणि लस एकत्र खरेदी केली, तर खर्चही कमी होईल. कंपनी कायद्याच्या निकषांत बसणाऱ्या येथील कारखान्यांना सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करावाच लागतो. त्यांच्या जखमी कामगारांवर जी रुग्णालये प्रथमोपचार करतात, तेथील सफाई कर्मचाऱ्यांची लस हा त्या निधीचा अगदी योग्य विनियोग ठरेल.

आणि आपण? संघकार्यकर्त्याचा संपर्क दारोदार असतो. वाडीतून रुग्णालयात कामाला जाणारी भगिनी आपल्या परिचयाची असते, डॉक्टरही आपल्या बैठकीत येणारे असतात. या दोघांमधील दुवा होणे, हे आपले काम आहे. तिने किती मात्रा घेतल्या हे विचारावे, तिसरी तारीख तिच्या दिनदर्शिकेवर लिहून द्यावी आणि डॉक्टरांना स्नेहाने पण स्पष्टपणे २०१६ च्या नियमाची आठवण करावी. समरसतेवर व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत. आपला आप्त रुग्णालयातून बरा होऊन घरी येतो, तेव्हा त्याच्या खाटेखालची सुई कोणीतरी उचललेली असते. ती उचलणारा हात सुरक्षित आहे काय, एवढी चौकशी पुढच्या वेळी देयक भरताना प्रत्येक कुटुंबाने केली, तरी मोहोपाड्यातील रुग्णालयांचा निर्णय लवकर होईल.